ती पायल नव्हती

तिकोणा पेठ, ३ मार्च २०२५

गोरख,

वर चि. लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलेलं नाही. आशीर्वादही लिहिणार नाही. तुझा फोन बंद, तुझ्या दाजींनी माझ्या फोनातून तुझा नंबर काढून टाकलेला, आणि तुझ्या दारात यावं तर अख्खं भुशी बघणार की रतन भावाच्या प्रार्थनेला आली. म्हणून हा कागद. आक्काचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, कामापुरतं लिहिते आहे.

ती क्लिप इंदुरीला पोचली. कोणती ते तुला सांगायला नको. तुझ्या खोलीच्या खिडकीतून कोणीतरी काढलेली. तू डोळे मिटून उभा, तुझा हात एका पोरीच्या डोक्यावर, पोरीचा चेहरा ओढणीत. वर कुठल्याशा ढणढणाटी गाण्याची पट्टी चिकटवली आहे, त्यामुळे तू काय बोलतोस ते कोणाला ऐकू येत नाही. खाली लिहिलंय, ‘तांदळाच्या पोत्याला विकला गेलेला मावळा.’ अरे, आपल्या घरात इंद्रायणी तांदळाची पोती आढ्याला लागतात, तुला तांदूळ दाखवून कोण विकत घेणार! मला राग त्या वाक्याचा नाही आला. मला राग तुझा आला.

पायलच्या साखरपुड्याला तुला बोलावलं नव्हतं, तरी झालं ते तुला कळलं असेलच. मुलगा अतुल, इंदुरीचा, तळेगावच्या कंपनीत कायम. अशी स्थळं सारखी येत नाहीत. तारीख मे महिन्यातली धरली, पत्रिकेचा मजकूरसुद्धा ठरला होता. आणि काल अतुलचे वडील, अंबाजी, चार माणसं घेऊन ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, “इहीनबाई, त्या वढनीतली पोर तुमची पायल हाय म्हनत्यात. कालेजच्या टायमाला मामाकडंच ऱ्हायलेली ना ती? आमाला बाटलेली सून नगं.”

मी पायलला समोर बसवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, ही ती नव्हे. पायल मान खाली घालून बसली. अंबाजी म्हणाले, “तुमी आई हाय. तुमी न्हाईच म्हननार. मामाला आना. त्यो खिरिस्ती झालाय, त्येच्या घरचं आमी पानी बी पीत न्हाई, पर त्यो खोटं बोलत न्हाई. चारचौघांत त्यो न्हाई म्हनला की लगेच पत्रिका छापतो.”

बघ, काय तुझी कीर्ती आहे. बांधाच्या भांडणात तू सख्ख्या चुलत्याच्या विरोधात खरं सांगून आलास, तेव्हापासून भावकी तुला शिव्या घालते आणि तेव्हापासूनच मावळात तुझा शब्द चालतो. ज्यांना तू नकोस त्यांना तुझा शब्द हवा आहे. तर दे. एक वाक्य आहे. ‘ती पायल नव्हती.’ एवढं बोलायचं आणि आपल्या वाटेनं जायचं.

रतन

तिकोणा पेठ, ९ मार्च

गोरख,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं ते दाजींच्या हातात दिलं असतं तर आज माझी काही खैर नव्हती. ते गोठ्यात होते म्हणून बरं.

काय लिहितोस तू! ‘आक्का, मी येतो. विचारलं तर गप्प बसेन. पण ती नव्हती असं मला म्हणता येणार नाही, कारण ती होती.’ आणि खाली देवाचं वचन. मी तुझ्याकडून वचन मागितलं होतं का? गप्प बसलास की सगळे काय समजतील ते तुला कळत नाही, एवढा तू भोळा नाहीस. लहानपणी आंबे चोरून आणलेस आणि विचारलं की असाच गप्प बसायचास, आणि आईला लगेच कळायचं.

ती होती हे मला ठाऊक आहे. तुला सांगायला नको होतं का? तिच्या आईला ठाऊक नसणार तर कोणाला. ओढणी धुताना मीच पिळली आहे ती. पण मला ठाऊक असणं वेगळं आणि इंदुरीला ठाऊक असणं वेगळं. पोर तुझ्याकडे तीन वर्षं राहिली, तू तिला खाऊ घातलंस, कॉलेजला सोडलंस, हे मी नाकारत नाही. पण त्या बदल्यात तू तिला तिथं बसवायचंस? माझ्या एकुलत्या एका पोरीला?

तू लिहितोस की तिला कोणी बसवलं नाही, ती आपणहून आली. तू तरी आपणहून गेलास का? पिंकी गेली तेव्हा आम्ही सगळे तेराव्यापर्यंत होतो. तेराव्याचं जेवून ज्याच्या त्याच्या घरी गेलो, भात लावणीवर आला होता, थांबणार कसे. आणि ते तुझे मंडळीवाले, चर्चची माणसं, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले, आणि येतच राहिले. बायको मेल्यावर माणसाला डबा मिळाला म्हणून देव बदलायचा? डबा मीही पाठवला असता. तू सांगायचंस तरी.

तुझी शाळेची व्हॅन रिकामी जाते असं बाजारात ऐकलं. क्लिप आल्यापासून पालकांनी पोरं काढून घेतली म्हणे. व्हॅनवर कोणीतरी काळ्या रंगानं काहीबाही लिहिलं, तू ते पुसलंस, परत लिहिलं, मग तू पुसायचं सोडलंस आणि तशीच व्हॅन चालवतोस. मला लाज वाटते ऐकताना. माझा भाऊ शिवी लिहिलेली गाडी घेऊन लोणावळ्यातून हिंडतो. पुसून टाक की रे. आणि हे सगळं सोसतोस, तर माझ्यासाठी एक वाक्य का सोसवत नाही तुला?

पाळकांना, तुमच्या त्या पाद्रींना, विचारलंस असं लिहिलं आहेस. त्यांनी खोटी साक्ष देऊ नको असं सांगितलं. पाळकांची मुलगी लग्नाची आहे का?

दाजी काल भाताचं ताट तसंच सोडून उठले. म्हणाले, “तुज्या भावामुळं माज्या पोरीच्या कपाळाला कुकू लागंना.” दहा माणसांत ताठ मानेनं बसणारा माणूस आहे तो, काल बाजूच्या खोलीत जाऊन बसला.

रतन

१६ मार्च

गोरख,

तुझं दुसरं पत्र वाचलं. त्या दिवशी तू काय प्रार्थना करत होतास ते लिहिलं आहेस. माझ्या ऑपरेशनच्या दिवशीची होती म्हणे. मी दवाखान्यात टेबलावर, आणि तिकडं पायल तुझ्यापुढं रडत, आणि तू तिच्या डोक्यावर हात ठेवून माझं नाव घेत होतास.

मी सांगितलं होतं का? माझ्यासाठी इथं भैरोबाला नारळ ठेवला होता, दाजींनी अभिषेक सांगितला होता, डॉक्टर चांगला होता. मी उठले ती त्यांच्यामुळं. मधे तू कशाला आलास? मला न विचारता माझं नाव तुझ्या देवाच्या कानात घातलंस, आणि आता त्याच प्रार्थनेपायी माझ्या पोरीचं लग्न मोडतं आहे. हे पत्र वाचून मला रडू येईल असं तुला वाटलं असेल. मला आलं नाही. मी भाकरी थापायला बसले.

मी एक विचारते. तुमच्यात माफी असते ना? तूच पायलला सांगितलंस आणि पायलनं मला. कितीही मोठं पाप असो, मनापासून मागितली की तुमचा येशू माफ करतो. मग वापर की ती! घरात ठेवून काय लोणचं घालणार आहेस? भाचीसाठी एकदा खोटं बोल, घरी जा, गुडघे टेक, माफी माग. माझ्या पोरीला मात्र अंबाजी माफ करणार नाहीत. तिच्याकडे तुझ्यासारखा देव नाही, सासरा आहे.

बैठक येत्या गुरुवारी, इंदुरीला अंबाजींच्या घरी, संध्याकाळी. येऊन गप्प बसणार असशील तर येऊच नकोस. आणि आला नाहीस तर एवढं समज की मला भाऊ नव्हता. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळीन. चंद्र निदान वचनं ऐकवत नाही.

रतन

२१ मार्च

गोरख,

बोललास. माझा विश्वासच बसेना.

मी आत बायकांत बसले होते. तू आलास तेव्हा तुला कोणी खुर्ची दिली नाही, ते दारातून बघितलं मी. उंबऱ्याजवळ सतरंजीच्या कडेला बसलास. एकानं विचारलं, “काय गोरखराव, आज तांदूळ न्हाई आनला?” आणि सगळे हसले. तूही थोडा हसलास. तुला तिथं सणसणीत उत्तर देता आलं असतं. पूर्वी देत होतास.

मग अंबाजींनी विचारलं. माझ्या हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली होती. तू म्हणालास, “ती पायल नव्हती.” हळूच म्हणालास. पण ऐकू आलं सगळ्यांना. अंबाजी उठले, तुला मिठी मारली, तुझ्या कपाळाला टिळा लावला. तू तो पुसला नाहीस. पेढा हातात धरून बसलास, आणि निघताना तो सतरंजीवरच ठेवून गेलास. मी उचलून पदरात घेतला, नाहीतर अंबाजींच्या लक्षात आलं असतं.

पत्रिका छापायला गेल्या. दाजी काल रात्री दोन भाकऱ्या जास्त खाऊन झोपले. तुझं नाव पत्रिकेत आहे, मामांच्या ओळीत, पहिलं. मी भांडून घातलं. पिवळी साडी मामाची असते, ती तू आणायची. फार भारी नको. आणि मंगलाष्टकं लागायच्या आधी माईकवरून मामांना पुकारतात, ‘मुलीचे मामा, मुलीला मांडवात घेऊन या.’ तेव्हा तू हवास. फेटा बांधायला तुझी मंडळी आडवी येत असेल तर तसाच ये.

एवढं केलंस तू. बरं वाटलं. खरं सांगायचं तर कालपासून मला कुठंतरी बरं वाटत नाहीये, पण ते धावपळीचं असेल.

रतनआक्का

६ एप्रिल, रविवार

गोरख,

दोन पत्रं पाठवली, साडीचं विचारलं, तुझा कागद नाही. आता कळलं का ते.

बैठकीत काय झालं ते पायलला मी सांगितलं नव्हतं. काम झालं, एवढंच म्हणाले होते. तिला अतुलनं सांगितलं, फोनवर, हसत हसत. ‘तुझ्या मामानं काम केलं’ म्हणाला. ती फोन ठेवून माझ्याकडे आली. मी चुलीपुढं होते, धरणाकाठी तंबूत उतरलेल्या तीस पर्यटकांचं जेवण होतं. म्हणाली, “मामा म्हणाला मी तिथं नव्हते?” मी म्हटलं, हो, तुझ्यासाठीच म्हणाला. म्हणाली, “तू आत टेबलावर होतीस. बाबा बाहेर फेऱ्या मारत होते. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. मी मामाकडे गेले. त्यानं डोक्यावर हात ठेवला म्हणून माझं रडणं थांबलं. आणि आता तो म्हणतो मी नव्हते. मग मी कुठं होते, आई?”

मी तिला म्हटलं, भाजी करपेल, बाजूला हो.

आणि ऐक. अतुलला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती ओढणी त्यानंच घेऊन दिलेली, लोणावळ्याच्या बाजारात, कॉलेजच्या दिवसांत; दोघांची ओळख तेव्हाचीच निघाली. क्लिप बघितल्याबरोबर ओळखली त्यानं, आणि गप्प बसला, कारण बाप विचारत होता आणि बापापुढं बोलायची त्याची छाती नाही. म्हणजे ज्याच्याशी लग्न त्याला ठाऊक. पायलला ठाऊक. मला ठाऊक. आणि खोटं बोलायला तू!

तू ऐकलंस कशाला माझं? मी काहीही बोलते, तुला माहीत नाही? लहानपणापासून मी ओरडते आणि तू तुला हवं तेच करतोस. शाळा सोडू नको म्हटलं, सोडलीस. त्या लोकांत जाऊ नको म्हटलं, गेलास. अख्ख्या मावळानं शिव्या घातल्या तरी हलला नाहीस. आणि हे एकच माझं ऐकायचं होतं तुला? संताप संताप झाला नुसता. तुझा की माझा, ते मला कळत नाही.

पायलनं पुढचंही सांगितलं. तू मंडळीत उभा राहून म्हणालास की मी चार माणसांत खोटं बोललो. कशाबद्दल, ते सांगितलं नाहीस. प्रार्थना चालवायचं काम आपणहून सोडलंस. मग तिकडचेही आता कुजबुजतात, मोठा भक्त निघाला म्हणून. म्हणजे इकडून शिव्या होत्याच, आता तिकडूनही. माझा विश्वास बसला नाही. म्हटलं, पोर वाढवून सांगते. म्हणून आज मी आले होते.

तू मला बघितलं नाहीस. दाजींना लोणावळ्याला दळण कांडपाचं सामान आणते म्हणून सांगितलं आणि भुशीला उतरले. तुमचं गाणं चालू होतं. मी दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी, डोक्यावरून पदर ओढून उभी राहिले. बघणारे बघोत म्हटलं. तुला शोधला तर तू पुढं नव्हतास, मागं भिंतीला टेकून, पोराटोरांत.

मग ते ताट फिरलं; मन साफ असेल त्यानंच त्यातलं घ्यायचं, असं पायल सांगायची. स्टीलचं, आपल्या घरी असतं तसलंच, त्यात भाकरीचे तुकडे. प्रत्येक जण एक तुकडा घेत होता, डोळे मिटत होता आणि ताट पुढं देत होता. तिथल्या म्हाताऱ्यांनी घेतला. व्हॅनवाल्या शाळेतल्या एका बाईंनी घेतला. ताट तुझ्यापाशी आलं. तू दोन्ही हातांनी धरलंस, त्यात बघितलंस, आणि तुकडा न घेता शेजारच्याला दिलंस. कोणी तुला नको म्हणालं नव्हतं, तूच घेतला नाहीस. मला वाटलं तू विसरलास. मग तुझं तोंड बघितलं.

तुझा देव मला समजत नाही. समजून घ्यायची इच्छाही नाही. पण तू जेवणाच्या पंक्तीतून उपाशी उठतो आहेस आणि ते मी उठवलं आहे, एवढं मला दारातूनही दिसलं. मी तुला म्हटलं होतं, माफी वापर. तू ती घेतसुद्धा नाहीस. असा कसा रे तू? मागून मागून मी काय घेतलं तुझ्याकडून, ते मला ताट पुढं गेल्यावर कळलं.

सामान न घेताच परत आले. दाजींनी विचारलं, पिशवी रिकामी कशी? गिरणी बंद होती म्हटलं. बघ, मला किती सहज येतं.

आक्का

१० एप्रिल

गोरख,

इंदुरीला जाऊन आले. एकटी गेले. दाजींना आधी सांगून गेले, त्यांनी मोटरसायकलनं फाट्यापर्यंत सोडलं.

अंबाजींच्या ओसरीवर तीच चार माणसं होती, पत्ते खेळत. मी बसले नाही. म्हटलं, मामाचं बोलणं मागं घेते. ती पायल होती. तिच्या आईचं पोट फाडलेलं होतं आणि तिला आधार नव्हता म्हणून ती मामाकडे गेली होती. मामा खोटं बोलला ते मी गळ्याला चाकू लावला म्हणून. मी माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले, ते मात्र माझं मीच.

अंबाजींनी पत्ते खाली ठेवले. चिडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, “इहीनबाई, आमाला ठावं व्हतं वो. वढनी बघून गप झालेलं माजं पोरगं मला न्हाई का वळखू येत? आमी म्हनलं, मामा न्हाई म्हनला, झाकली मूठ. तुमी कशापायी बोलला? आता तुमी चारचौघांत बोलला, म्हंजी आता आमाला ठावं झालं.”

मी म्हटलं, हो, आता झालं.

अतुल आतून बाहेर आला होता. बापाकडे बघत उभा राहिला. काही बोलेल असं वाटलं, मी थांबलेही. मग निघाले. लग्नाचं काय ते भावकीत बसून सोमवारी कळवतो म्हणाले. पायलला सगळं सांगितलं. ती माझ्या कुशीत येऊन बराच वेळ बसली, आणि मग उठून तिनं भांडी घासली. मोडलं तर गावात मला तोंड दाखवता येणार नाही. दाजी काय म्हणतील तेही दिसायचं आहे. मला भीती वाटते, गोरख, खोटं कशाला सांगू.

पण ते माझं मी बघेन. तुमचा तो ईस्टर येतो आहे, त्या दिवशी परत ताट फिरतं असं पायल म्हणाली. तू म्हणालास ते खोटं आता कोणाकडे उरलेलं नाही, मी ते परत घेऊन आले आहे. ताट आलं की घे.

तुझी आक्का